‘क्ष’ची किंमत

तपासणीचा रिपोर्ट घरी न्यावा, चहा प्यावा आणि मग शांतपणे पाकीट उघडावं, दवाखान्याच्या पायरीवर उघडू नये, असा सल्ला मी आजवर अनेकांना दिला आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र पाकीट पायरीवरच फोडलं. माझं वय ६४. त्यातली तीस-बत्तीस वर्षं सिगारेट ओढण्यात गेली. ती सुटूनही आता आठ वर्षं झाली. अशा माणसाने फुप्फुसाच्या कर्करोगासाठी कमी मात्रेचा सीटी स्कॅन करून घ्यावा, असं माझ्या मुलीने ठरवलं आणि मी मुकाट्याने गेलो. त्रास काहीच नव्हता. खोकला नाही, धाप नाही. नुसती मनाची खात्री करून घ्यायची होती.

फुप्फुसं स्वच्छ होती. पहिल्या पाच-सहा ओळी वाचून मी कागद घडी करणार, तोच शेवटच्या ओळीवर नजर गेली. छातीचा स्कॅन घेताना यंत्राच्या टप्प्यात पोटाचा वरचा भागही थोडा येतो. तिथे, डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली जी अधिवृक्क ग्रंथी असते, तिच्यात १४ मिलिमीटरची एक गाठ दिसत होती. स्वरूप अनिश्चित, पुढील तपासणी करावी, एवढंच त्यापुढे लिहिलं होतं. जे शोधायला गेलो ते नव्हतं आणि जे कुणी शोधत नव्हतं ते सापडलं होतं.

पुढच्या तपासण्या होऊन निकाल लागेपर्यंत एकोणीस दिवस गेले. रात्री झोप येत नसे. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी क्ष-किरणांचा धडा यायचा आणि दरवर्षी मी तो पाच मिनिटांत उरकायचो. राँटजेन नावाचा शास्त्रज्ञ प्रयोग करत होता, अचानक पडदा चमकला, योगायोगाने शोध लागला. मग ठरलेला प्रश्न यायचा, क्ष-किरणांना क्ष-किरण का म्हणतात? बीजगणितात जी संख्या ठाऊक नसते तिला आपण क्ष मानतो, म्हणून. दोन गुण. पुढचा धडा.

त्या एकोणीस रात्रींत मी या माणसाचं चरित्र पुन्हा वाचून काढलं. ज्याच्या किरणांनी माझ्या हातात तो कागद ठेवला, त्याच्याशी माझं काही बोलणं बाकी आहे असं वाटत होतं. वाचता वाचता लक्षात आलं की मी हा धडा एकतीस वर्षं चुकीचा शिकवला. पडदा चमकला हा योगायोग खरा. पण शोध त्या संध्याकाळी लागलाच नव्हता. तो पुढच्या सात आठवड्यांत लागला.

विल्हेल्म कोनराड राँटजेनचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेप या गावचा. वडील कापडाच्या धंद्यातले, आई डच. हा एकुलता एक. तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमधल्या आपेलडोर्न गावी राहायला गेलं. शाळेत त्याने काही विशेष चमक दाखवली नाही. रानात भटकायला आवडायचं आणि हाताने काहीबाही यंत्रं करायचा नाद होता. आपल्याकडे अशा मुलाला उपद्व्यापी म्हणतात.

उट्रेख्तच्या तांत्रिक शाळेत असताना एक प्रसंग घडला. कुणीतरी एका मास्तरांचं व्यंगचित्र काढलं. ते राँटजेनने काढलेलं नव्हतं. कुणी काढलं ते त्याला माहीत होतं, पण नाव सांगायला तो तयार झाला नाही. शाळेने त्यालाच काढून टाकलं. शेवटच्या परीक्षेचा दाखला नाही म्हणून हॉलंडमध्ये विद्यापीठाची रीतसर वाट बंद झाली. मग कळलं की झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल्याशिवाय, प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. १८६५ साली तो तिकडे गेला, यंत्र-अभियांत्रिकी शिकला आणि १८६९ साली झुरिक विद्यापीठाचा डॉक्टर झाला. तिथेच आउगुस्ट कुंट या भौतिकीच्या प्राध्यापकाने त्याला हाताशी धरलं आणि अभियंता होऊ घातलेला मुलगा भौतिकीत आला.

झुरिकमध्येच त्याला बर्था भेटली. अ‍ॅना बर्था लुडविग ही एका कॅफेवाल्याची मुलगी, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोघांचं लग्न १८७२ साली झालं. त्यांना मूल झालं नाही; पुढे १८८७ साली बर्थाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी आपल्या घरी आणली आणि वाढवली.

कुंटच्या मागोमाग राँटजेन वुर्झबर्गच्या विद्यापीठात सहायक म्हणून गेला होता. तिथे अध्यापनाचा अधिकार मागितला, तर विद्यापीठाने नकार दिला. कारण तेच, शाळेचा दाखला नाही. डॉक्टरेट होती, काम होतं, पण लहानपणचा एक कागद नव्हता. मग स्ट्रासबुर्ग, होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबुर्ग, मग गीसेन अशी गावं करत तो १८८८ साली वुर्झबर्गला परत आला, तो भौतिकीचा मुख्य प्राध्यापक म्हणून. १८९४ साली त्याच विद्यापीठाचा तो रेक्टर झाला. हे सगळं सविस्तर सांगायचं कारण इतकंच की, कागदावरच्या एका ओळीने माणसाचं काय होऊ शकतं हे या गृहस्थाला चांगलं ठाऊक होतं.

स्वभावाने तो बुजरा, मोजका बोलणारा. व्याख्यान देताना आवाज इतका बारीक की मागच्या बाकांवर ऐकू येत नसे. सुटीत डोंगर चढणं आणि शिकार हे छंद. प्रयोगशाळेत मात्र तो एकटा असायचा. बरीचशी उपकरणं स्वतःच्या हातांनी बनवायचा. त्याची खरी आवड मोजमापाची. वायूंची विशिष्ट उष्णता, द्रवांची दबण्याची क्षमता, स्फटिकांचे गुणधर्म असे विषय त्याने वर्षानुवर्षं काटेकोरपणे मोजले. पन्नाशीला पोचेपर्यंत चाळीसहून अधिक निबंध झाले होते आणि त्याच्या क्षेत्राबाहेर त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर १८९५. संध्याकाळ झालेली. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की ऋण टोकाकडून किरण निघतात, हे तेव्हा माहीत होतं. त्या किरणांवर युरोपात अनेकजण काम करत होते. राँटजेनने नळी काळ्या पुठ्ठ्याने घट्ट झाकली होती आणि खोलीत अंधार केला होता. प्रकाशाचा कण बाहेर येत नाही ना, एवढंच त्याला आधी पाहायचं होतं. वीज सोडली आणि दूर बाकावर काहीतरी मिणमिणलं. बेरियम प्लॅटिनोसायनाइड नावाचं रसायन फासलेला एक कागदी पडदा तिथे पडला होता, तो हिरवट चमकत होता. नळीतले किरण हवेत काही सेंटिमीटरच्या पलीकडे पोचत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पडदा तर त्याच्या कितीतरी पलीकडे होता. वीज बंद केली, चमक गेली. सुरू केली, आली.

इथवरची गोष्ट मी वर्गात सांगत असे. पण ही चमक पहिल्यांदा पाहण्याचा मान बहुधा त्याचा नव्हेच. अशा नळ्या युरोप-अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळांत वीस-वीस वर्षं चालू होत्या, म्हणजे हे किरण तिथेही निघतच होते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला आर्थर गुडस्पीड हा प्राध्यापक आणि त्याचा छायाचित्रकार मित्र विल्यम जेनिंग्ज यांच्या फोटोच्या काचेवर २२ फेब्रुवारी १८९० रोजी दोन नाण्यांसारख्या गोल सावल्या उमटल्या होत्या. तेव्हा त्यांना अर्थ लागला नाही आणि काच बाजूला पडली. सहा वर्षांनी राँटजेनचा निबंध वाचल्यावर त्यांना उमगलं की आपण काय पाहिलं होतं. त्याचं श्रेय मात्र त्यांनी मागितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

म्हणजे अनपेक्षित गोष्ट दिसल्यावर एक चूक करता येते, ती ही. दुर्लक्ष करायचं, काच खराब निघाली म्हणायचं आणि पुढे जायचं. दुसरी चूक याच्या उलटी. बाहेर धावत सुटायचं, गावभर सांगायचं. राँटजेनने दोन्ही केल्या नाहीत.

त्याने दार लावून घेतलं. त्याचं राहतं घर प्रयोगशाळेच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. पण पुढचे कित्येक दिवस तो जेवायला उशिरा यायचा, न बोलता चार घास खायचा आणि पुन्हा खाली जायचा. पुढे तर खाट आणि जेवणही खालीच गेलं. बर्थाला वाटायचं काहीतरी बिनसलंय. त्याने तिला एवढंच सांगितलं होतं की, मी जे करतो आहे ते कळलं तर लोक मला वेडा ठरवतील. त्याचा मित्र थिओडोर बोव्हेरी हा त्याच विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्यापाशी राँटजेन बोलला ते एवढंच की काहीतरी मनोरंजक सापडलं आहे, पण माझं निरीक्षण बरोबर आहे की नाही हेच अजून कळत नाही. या बोव्हेरीने पुढे १९१४ साली, कर्करोगाचं मूळ पेशीतल्या गुणसूत्रांच्या बिघाडात असावं, असा विचार मांडला. मित्राच्या किरणांनी एक दिवस तोच रोग शोधला जाईल, हे तेव्हा दोघांच्याही मनात आलं नसणार.

त्या सात आठवड्यांत राँटजेनने काय केलं? मोजलं. नळी आणि पडदा यांच्यामध्ये हाताला लागेल ती वस्तू धरून पाहिली. हजार पानांचं पुस्तक, पत्त्यांचे दोन जोड, लाकडाचे ठोकळे, कथलाचा पत्रा, अ‍ॅल्युमिनिअम, काच, शिसं. कशातून किरण किती जातात, कशात किती अडतात याची नोंद केली. लोलकातून वळतात का? नाही. चुंबकाने वाकतात का? नाही. डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. अंधारात बसून माणसाला वाटेल ते दिसू शकतं. म्हणून त्याने फोटोच्या काचा वापरल्या, कारण काचेला भास होत नाही. बंद लाकडी पेटीतली वजनं दिसली. होकायंत्र दिसलं. बाहेरून अखंड वाटणाऱ्या धातूच्या एका तुकड्याच्या पोटात असलेली असमानता दिसली. स्कॅनच्या कागदावर आज जे छापून येतं, त्याची ही पहिली ओळ म्हणायची.

आणि २२ डिसेंबरला त्याने बर्थाला खाली बोलावलं. काचेवर तिचा हात ठेवला आणि सुमारे पंधरा मिनिटं किरण सोडले. काच धुतल्यावर हाताची हाडं आणि बोटातली जाड अंगठी दिसली. तो फोटो पुढे जगभर गेला. विज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात आजही सापडेल. बर्थाला मात्र तो पाहून शहारा आला. आपलं मरणच पाहिल्यासारखं तिला वाटलं, असं सांगतात.

या जागी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. जिवंतपणी स्वतःच्या शरीराच्या आतलं चित्र पाहून घाबरलेलं हे पहिलं माणूस. धडधाकट बाई, हात निरोगी, हाडं जशी असावीत तशी. चित्रात वाईट असं काहीच नव्हतं. पण आत असलेलं कधी पाहिलेलं नव्हतं आणि त्याचा अर्थ सांगणारं अजून कुणी नव्हतं, म्हणून तिला त्यात मरण दिसलं. बर्था त्यानंतर जवळजवळ २४ वर्षं जगली.

२८ डिसेंबर १८९५ रोजी राँटजेनने आपला निबंध वुर्झबर्गच्या वैद्यक-भौतिकी मंडळाकडे दिला. मथळा साधा, एका नव्या प्रकारच्या किरणांविषयी. किरणांना त्याने नाव दिलं एक्स, आपल्या भाषेत क्ष. सात आठवडे खपून या माणसाला एवढी माहिती झाली होती की त्याने झोकात एखादं ग्रीक नाव दिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. पण किरण काय करतात हे कळलं होतं, ते काय आहेत हे कळलं नव्हतं. म्हणून क्ष.

नववर्षाच्या दिवशी त्याने निबंधाच्या प्रती आणि फोटो ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवले. ५ जानेवारी १८९६ ला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि आठवडाभरात ती जगभर पसरली. १३ जानेवारीला बर्लिनमध्ये कैसरपुढे प्रयोग झाला. २३ जानेवारीला वुर्झबर्गमध्ये खच्चून भरलेल्या सभागृहात त्याने व्याख्यान दिलं आणि कोलिकर या वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञाच्या हाताचा फोटो सगळ्यांसमक्ष काढला. या किरणांना राँटजेन किरण म्हणावं, असं कोलिकरने तिथेच सुचवलं. राँटजेन स्वतः शेवटपर्यंत क्ष हेच नाव वापरत राहिला. पेटंट त्याने घेतलं नाही. हे सगळ्यांचं आहे असं त्याचं म्हणणं. नावामागे सरदारी बिरुद लावण्याचा मान आला, तोही नाकारला. १९०१ साली भौतिकीचं पहिलंवहिलं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं, ते घेऊन तो भाषण न देता परत आला आणि रक्कम वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाला हा शोध आपल्याच कामावर उभा असल्याची खंत जन्मभर सलत राहिली. राँटजेनने आपल्या पहिल्याच निबंधात लेनार्डच्या कामाचा उल्लेख केलेला होता. क्ष-किरणांवर त्याने एकूण तीन निबंध लिहिले आणि १८९७ नंतर तो आपल्या जुन्या विषयांकडे वळला.

जग मात्र थांबायला तयार नव्हतं. नवी दुर्बीण मिळालेल्या पोरासारखं ते जिथे तिथे डोकावू लागलं. जत्रांत पैसे घेऊन लोकांना स्वतःची हाडं दाखवली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन हॉल-एडवर्ड्‌स या डॉक्टरने ११ जानेवारी १८९६ लाच एका हातात रुतलेल्या सुईचा फोटो काढला होता. त्याच डॉक्टरचा स्वतःचा डावा हात किरणांनी नासला आणि १९०८ साली कापावा लागला. अमेरिकेत एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली रोज आपला हात किरणांसमोर धरून नळ्या तपासायचा. कर्करोगाने १९०४ साली तो गेला. एडिसनने हे काम सोडून दिलं. अशा माणसांचं स्मारक १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये उभारलं गेलं. राँटजेन स्वतः वाचला, कारण काचांवर नको ते किरण पडू नयेत म्हणून त्याने आपल्यासाठी जस्ताच्या पत्र्याची खोली करून घेतली होती. काळजी घेतली ती मोजमापाची, वाचला जीव.

पाहायला मिळतं म्हणून पाहत सुटायचं, याला किंमत पडते. ती आता वेगळ्या रूपात पडते. लंडनमध्ये १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन घेतला आणि क्ष-किरणांना संगणकाची जोड मिळून शरीराचे आडवे काप दिसू लागले. त्यातूनच पुढे माझ्यासारख्यांच्या चाचण्या आल्या. त्यांचा उपयोग आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक सिगारेटबाजांवर झालेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. साध्या एक्स-रेच्या तुलनेत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच पाहणीत सुमारे २४ टक्के स्कॅन संशयास्पद ठरले आणि त्या संशयितांपैकी शंभरात ९६ वेळा कर्करोग नव्हता. शिवाय साडेसात टक्के स्कॅनमध्ये, कर्करोगाशी संबंध नसलेलं पण दखल घ्यावी असं दुसरंच काहीतरी सापडलं. माझी गाठ या जातीची. अधिवृक्क ग्रंथीतल्या अशा न शोधता सापडणाऱ्या गाठींना डॉक्टरांनी १९८२ पासून इन्सिडेंटलोमा असं नावच देऊन टाकलं आहे. वय वाढतं तशा त्या वाढतात, आणि बहुतेक निरुपद्रवी असतात.

बहुतेक, सगळ्या नव्हेत. कुणाच्या पोटातल्या महारोहिणीचा फुगा अशाच स्कॅनमध्ये वेळेवर दिसतो, कुणाच्या मूत्रपिंडातली गाठ लहान असतानाच कळते, आणि तो माणूस वाचतो. म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही. पण दुसऱ्या टोकाला काय होतं, ते दक्षिण कोरियाने पाहिलं. तिथे १९९९ पासून सरकारी कर्करोग चाचण्या सुरू झाल्या. त्यात थायरॉइडची चाचणी नव्हती; पण आलाच आहात तर थोडे पैसे देऊन गळ्याची सोनोग्राफीही करून घ्या, असं दवाखाने सुचवू लागले. २०११ सालापर्यंत तिथे थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या रोगाने मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. म्हणजे माणसाला कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी सापडत होत्या आणि सापडल्या म्हणून कापल्या जात होत्या. ग्रंथी गेलेल्यांना जन्मभराची गोळी लागली, शंभरात दोघांच्या स्वरतंतूंना इजा झाली. २०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे हे थांबवा म्हटलं, तेव्हा शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

गुडस्पीडची काच आणि कोरियातला चाकू, या दोहोंच्या मध्ये वुर्झबर्गची ती दार लावलेली खोली आहे. दिसलं ते खरं आहे का, पुन्हा दिसतं का, त्याचा गुण काय, त्याने काय होतं आणि काय होत नाही, हे एकेक करून पाहायचं. आणि जोवर कळत नाही तोवर त्याला क्ष म्हणायचं. माझ्या रिपोर्टवर स्वरूप अनिश्चित असं लिहिलं होतं, त्याचा अर्थ पायरीवर उभा असताना मी मरण असा घेतला होता. लिहिणाऱ्याने फक्त क्ष लिहिलं होतं.

राँटजेन १९०० साली म्युनिकला गेला होता. १९१२ साली त्याच शहरात माक्स फॉन लाउए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडून दाखवलं की या प्रकाशासारख्याच, पण फार आखूड लहरी आहेत. सतरा वर्षांनी क्षची किंमत निघाली. ती दुसऱ्याने काढली, आणि ते पाहायला राँटजेन तिथे होता.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली नाहीत. महायुद्ध आलं. जर्मन सैन्याची बाजू घेणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर १९१४ साली त्यानेही सही केली आणि पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. एवढी खातरजमा करणाऱ्या माणसाने इथे ती केली नाही, ही गोष्ट मला चटका लावून गेली. बर्था वर्षानुवर्षं आजारी होती. तिला वेदना कमी करणारी इंजेक्शनं तो स्वतः द्यायचा. ३१ ऑक्टोबर १९१९ ला ती गेली. युद्धानंतरच्या महागाईत पैशाचा पाचोळा झाला आणि म्हाताऱ्याची शिल्लक त्यात गेली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने राँटजेन वारला. शरीराच्या आत डोकावण्याची खिडकी ज्याने उघडली, त्याच्या स्वतःच्या शरीरातलं दुखणं वेळेवर पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. आज आतड्याच्या कर्करोगासाठी चाचण्या आहेत, त्यातली एक त्याच्याच किरणांनी होते. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची खासगी पत्रं आणि टिपणं जाळून टाकण्यात आली. त्याच्या अस्थी गीसेनला, बर्थाशेजारी आहेत.

माझं म्हणाल तर डॉक्टरांनी घाई केली नाही आणि टाळाटाळही केली नाही. त्या एका ग्रंथीचा वेगळा स्कॅन झाला. गाठ किती घन आहे हे ज्या मापाने मोजतात त्याला हाउन्सफील्डचंच नाव आहे. पाणी म्हणजे शून्य, आणि चरबी त्याच्या खाली. दहापर्यंतचा आकडा आला तर गाठ चरबीयुक्त आणि साधी समजतात. माझा आकडा पाच आला. रात्री एक गोळी घेऊन सकाळी रक्त दिलं. गाठ जास्तीचे संप्रेरक सोडत नाही हेही कळलं. निकाल एका वाक्यात मिळाला. तिला तिथे राहू द्या, पुन्हा पाहायचीही गरज नाही. बरीच वर्षं ती तिथे असेल. तिने मला कधी त्रास दिला नाही, मी तिला का द्यावा?

आमच्या इमारतीतला नववीतला एक मुलगा अधूनमधून विज्ञानाच्या शंका विचारायला येतो. गेल्या आठवड्यात वही घेऊन आला, क्ष-किरणांना क्ष-किरण का म्हणतात? दोन गुणांचं उत्तर मला पाठ होतं. पण त्याला बसवून घेतलं आणि आधी ती संध्याकाळ सांगितली, मग सात आठवडे सांगितले, मग बर्थाचा हात. तास गेला. उठताना त्याने विचारलं की यातलं उत्तरपत्रिकेत किती लिहायचं. मी म्हटलं, दोन ओळी लिही, बाकीचं जवळ ठेव. कधीतरी लागेल.